आईच्या तिरकस बोलण्यामागे

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, आता आईही गेली, तरी माझा तुमच्यावरचा राग जात नाही. तुम्ही समोर असतात तर ‘आधी चहा घे, मग भांड’ म्हणाला असतात. चहा घेतलाय.

माझ्या मुलीचं बारसं आठवा. हॉल पाहुण्यांनी भरलेला. मी बाळाला आईच्या मांडीवर द्यायला वाकले आणि ती सगळ्यांदेखत म्हणाली, “हे कुणाचं आणलंत?” बायका खो खो हसल्या. मुलगी माझ्या सासरच्या वळणावर गेली होती, त्यावर आईनं टोमणा हाणला असंच सगळ्यांनी धरलं. सासूबाईंचा चेहरा उतरला. मी तुम्हाला कोपऱ्यात गाठून विचारलं, तर तुम्ही माझ्यावरच डाफरलात, “तुझ्या आईची जीभ तुला आज कळली का? उगाच बाऊ करू नकोस.” मी आईशी बोलणं टाकलं, माहेरी यायची थांबले, आणि तुम्ही ते खुशाल चालू दिलंत. बाबा, तिनं टोमणा मारलाच नव्हता. मूल कुणाचं हे तिला खरोखरच कळलं नव्हतं, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं!

दुसऱ्या गावात तिचा हा विसरण्याचा आजार लवकर उघडा पडला असता. आपल्या पुण्यात तो खपून गेला. दारात आलेला माणूस ओळखू आला नाही की आई विचारायची, “आपण कोण?” आणि तो बिचारा ओशाळून म्हणायचा, “खरंय वहिनी, फार दिवसांत फिरकलो नाही.” तुम्ही शेजारी बसून हसायचात. बुधवार पेठेतलं रेडिओच्या सुट्या भागांचं दुकान दुपारी बंद करून तुम्ही घरी यायचात. पुण्यात दुपारी दुकान बंद ठेवणाऱ्याला कारण कोण विचारणार? लोकांना वाटायचं, झोपले असतील. तुम्ही भात लावत होतात, तिची वेणी घालत होतात, फ्रिजमध्ये ठेवलेल्या चपला शोधून काढत होतात. हे मला तुम्ही गेल्यावर शेजारच्या काकूंनी सांगितलं. भिंतीपलीकडच्या काकूंना माहीत होतं, पोटच्या पोरीला नाही.

मग मी आईला कात्रजला माझ्याकडे आणलं. डॉक्टरांनी विचारलं, “हे कधीपासून आहे?” मला सांगता येईना. त्यांनी समजावलं की हा मेंदूचा आजार आहे, वेड नाही की हट्ट नाही. नवं आधी पुसलं जातं, जुनं बराच काळ टिकतं. चुका दाखवू नका, परीक्षा घेतल्यासारखं विचारू नका, त्यांच्या कलानं घ्या. एवढंच बारशाच्या दिवशी तुम्ही सांगितलं असतंत तर? तेव्हा तिला मी तरी कळत होते. ती वर्षं माझीही होती, बाबा, आणि तुम्ही ती एकट्यानं घेतलीत. लोक वेडी म्हणतील म्हणून तुम्ही तिला खाष्ट ठरवलंत. तिची अब्रू जपलीत, मान्य. पण मी काय लोकांत मोडत होते?

माझ्याकडे आली तेव्हा ती मला ‘बाई’ म्हणायची. तुमचं नाव मात्र घ्यायची, दारात जाऊन वाट बघायची. मग एका सकाळी तिनं तुमच्या हार घातलेल्या फोटोकडे बोट केलं. “हे गृहस्थ कोण?” खोटं कशाला बोलू, क्षणभर मला बरं वाटलं. म्हटलं, घ्या, आता आपण दोघं सारखेच.

“अगं, हे तुझे यजमान,” मी म्हणाले.

ती बराच वेळ फोटो न्याहाळत राहिली. “चांगले दिसतात,” म्हणाली. “जेवलेत का ते?”

हे मी तुम्हाला कधीच कळू देणार नव्हते. तुम्ही फार खूश झाला असतात.