चकतीवर लावलेली धार

बाबा, तुमी गेल्यावर घरात कोणी मडक्याच्या चाकाले हात लावला नाही, अन् आता तुमची पणती, माझी नात, हैदराबादेत शिकायले गेली ते मातीच भाजून राह्यली. पांढरी भुकटी दाबून तिची चकती भाजते. तडा जाऊ नये म्हणून भुकटीत केसाहून लय बारीक कोळशाच्या नळ्या मिसळते, त्यानं चकती काळी होते. म्हटलं, आमचे बाबा लीद मिसळत तसंच ना? तर म्हणते, तसंच आजी. मी दिवसभर शेजारणींले सांगत फिरली.

पण डोकं खाते पोरगी. तुमी मडक्याले टिचकी मारायचे, कान लावायचे, झालं. हिचं यंत्र हिऱ्याचं टोक चकतीवर दाबते, मग उमटलेला चौकोनी खड्डा दुर्बिणीतून मोजायचा. खड्डा लहान, तर चकती कडक. अन् हे एकाच चकतीवर दहादा. दहादा काऊन? पहिल्यांदा चकती खोटं बोलली का?

ते यंत्र नागपूरले, एकच दिवस मिळालेलं. जाता जाता ती वाटेत इचोड्याले उतरली, रातभर आपल्या घरी राह्यली. सकाळी ओट्यावर रुपयाएवढी काळी चकती दिसली, आरशासारखी गुळगुळीत. माझा विळा बोथट झालेला. आपण कपाच्या बुडावर घासतो तसा घासला. काय धार आली, बाबा! अन् चकतीवर लोखंडाच्या रेघाच रेघा.

पोरगी रडायलेच आली. आठ दिवस घासून तो आरसा केला होता म्हणे.

"आजी, कोणी केलं हे?"

"मीच केलं. विळा झिजला, चकती नाही झिजली. झाली ना तुझी मोजणी?"

"किती कडक, ते आकड्यात लागते आजी."

मग भिंग लावून पाहते तर काय, कडेले तिळाएवढी जागा साफ होती. खड्डा केसाएवढा, तेवढी जागा पुरते म्हणे. मंग एवढा कालवा कायले केला? संध्याकाळी नागपूरहून तिचा फोन आला. खड्डा लहान, त्याच्या कोपऱ्यातून निघालेल्या चिराही आखूड, म्हणजे चकती लवकर तडकायची नाही. हसत होती.

तुमाले वाचता येत नव्हतं, मले धड लिहिता येत नाही. हा कागद पिठाच्या डब्याखालीच राहीन. पण तिले "मीच केलं" म्हटल्यापासून एक गोष्ट टोचून राह्यली. जैनथच्या बाजारी न्यायच्या रांजणाले तडा गेला, तवा तुमी मायले बोलले, लीद नीट मळली नाही म्हणून. माय त्या दिवशी जेवली नाही. मी कोपऱ्यात उभी होती, गप. तुमच्यासारखा आवाज ऐकायचा होता मले, माझं बोट लहान, म्हणून त्या रांजणाले टिचकी दगडानं मारली होती.

आवाज चांगला आला होता, बाबा.