पिवळा तो बसणार, कोरा तो खेळणार

२ फेब्रुवारी, सोमवार

निषेध! काल भर मैदानात, दोन-तीनशे माणसांच्या साक्षीने, माझी खुर्ची जप्त झाली. लाल, प्लास्टिकची, पाठीला चिरलेली — पण माझी होती! संघाचा व्यवस्थापक म्हणून या मोसमात माझ्या वाट्याला आलेली ती एकमेव सत्ता.

झाले असे. आमची रग्बी सात-सात गड्यांची. सात मिनिटे मध्यंतराच्या अलीकडे, सात मिनिटे पलीकडे. मैदानात सात, बाजूला पाच बदली. म्हणून संघाने सहा खुर्च्या आणल्या — पाच बदल्यांच्या, एक माझी. हिशेब चोख. पण जखमी माणसाला दोन खुर्च्या लागतात, हे कुणाच्या डोक्यात आले नाही. एक बुडाला, एक पायाला! चौथ्या मिनिटाला पहिला घोटा मुरगळला, सहाव्याला दुसरा. "नाना, उठा जरा," म्हणत हरिचंदने माझी खुर्ची ओढलीच. हरिचंद म्हणजे आमचा मालिशवाला. पूर्वी पैलवान चोळायचा, आता आम्हाला चोळतो.

उभा राहिलो. कंबर माझी बावन्न वर्षांची. शेवटी सेवाने — बाराव्या नंबरचा गडी, वय पस्तीस, संघातला म्हातारा — आपली खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"काहून उबे नाना? बसा की. आमी उबेच बरे."

बसलो. हरलो. खुर्चीपुरता मात्र जिंकलो.

४ फेब्रुवारी, बुधवार

वहीला सांगून ठेवतो, म्हणजे पुढे तिने विचारायला नको. संघाचे नाव 'हिंगोली हळदवीर'. मालक माणिकराव, कुरुंद्याचे, हळदीचे आडते. खेळाडूंना महिन्याचा पगार आहे, म्हणजे आम्ही व्यावसायिक. करारात फिजिओ नावाचा एक मनुष्यही आहे. मैदानात नाही, करारात आहे.

मी व्यवस्थापक कसा झालो? माझा छापखाना आहे, आणि एका साप्ताहिकात मी टवाळीचे सदर लिहितो. माणिकरावांनी विचार केला असावा — याला संघात घेतले की लेटरपॅड फुकट आणि टवाळी बंद. सदरात बंद केली. वहीत कोण बंद करतो!

दवाखाना म्हणजे हरिचंद आणि माणिकरावांच्या गोदामातले हळदीचे पोते. घोटा? हळद. खांदा? हळद. बोट निसटले? जागेवर बसवून हळद. जर्सी पिवळी, लेप पिवळा. संध्याकाळी मुक्कामाच्या हॉलमध्ये शिरले की वाटते बारा नवरदेव मांडवात बसलेत आणि वऱ्हाड वाट चुकलेय.

कोच शिवशंकरने तर यावर शास्त्रच बसवले. सकाळी रांग लावतो, नजर फिरवतो. "पिवळा तो बसणार, कोरा तो खेळणार." तपासणी संपली! त्यावरून फॉर्म भरतो मी — 'खेळाडू तंदुरुस्त' — आणि खाली सही ठोकतो.

८ फेब्रुवारी, रविवार

हरलो. आणखी एक पिवळा. एकूण तीन.

सेवाला आजही उतरवले नाही. शिवशंकर म्हणतो, त्याला राखून ठेवलंय. लोणचे आहे काय? तो मात्र पूर्ण वेळ उभा. जेवणाच्या पंगतीतही मांडी घालीत नाही, ताट हातात घेऊन भिंतीला टेकून खातो. "सेवा, हे शहरातलं बुफे कुठं शिकलास?" मी विचारले. हॉलभर हसले. तोही हसला.

१५ फेब्रुवारी, रविवार

ज्याने कुणी सामन्यांच्या तारखा काढल्या त्याच्या घरी कॅलेंडर नसावे. महाशिवरात्रीला सामना! अर्धा संघ पहाटे औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाच्या रांगेत, उरलेला अर्धा शाबुदाण्यावर. नऊ कोरे गडी, नऊही उपाशी. समोरच्या संघाने बहुधा सोमवार धरला होता, आज दणकून जेवून आले होते.

पण दिपक! सेनगावकडच्या तांड्याचा पोरगा, आमचा कर्णधार. पोटात भगरीचा दाणा नसताना दोन ट्राय मारले, म्हणजे दोनदा चेंडू समोरच्यांच्या रेषेपलीकडे नेऊन टेकवला. चेंडू काखेत घेऊन पळतो तेव्हा असे वाटते की याने कुणाचे तरी लेकरू आगीतून काढलेय. पहिला विजय. माणिकरावांनी केळी वाटली.

१८ फेब्रुवारी, बुधवार

दोन बदली गडी आज घरी गेले. हळद काढायला, शिजवायला. मी तणतणलो — मोसमाच्या मधे सुटी दिली कुणी?

"मी दिली," माणिकराव म्हणाले. "घरी माणूसबळ न्हाई त्यांच्या. हळद शेतात सडू द्यायची का?"

नंतर कळले की दोघांचीही हळद माणिकरावांच्याच आडतीवर येते. वा! खेळाडू माझा, शेतकरीही माझा. संघ पातळ झाला तरी चालेल, माल पातळ होता कामा नये.

घोटेवाला एक बरा होऊन कोऱ्यांत आला. मोजले — बारातून दोन रजेवर, दोन पिवळे. उरले आठ. सात आणि एक. तो एक म्हणजे सेवा.

सेवा सकाळी पळतो. पळणे कसले, लाकडी घोडा ढकलल्यासारखे! एक पाय पुढे, दुसरा नाइलाज म्हणून मागून. मी हरिचंदला म्हटले, "याला जरा तेल घाल बिजागरीत." हरिचंद वाटी घेऊन गेलासुद्धा. सेवाने लेप लावूनच घेतला नाही. "मला काय झालं? मी ठणठणीत हाय." बारा जणांत हळद कधीच न लागलेला हा एकटा! शिवशंकर त्याचे उदाहरण देतो.

२२ फेब्रुवारी, रविवार

परभणीला बरोबरी, बारा-बारा.

पहिल्या अर्ध्यात दिपकचे डोके समोरच्याच्या गुडघ्यावर आदळले. आवाज मला ऐकू आला, भोंगा चालू असताना! पडला. उठला. हरिचंद वाटी घेऊन धावला, सूज शोधू लागला. सूज नाही, रक्त नाही. हळद लावायची कुठे — केसांत? वाटी तशीच परत आली. दिपक कोरा! म्हणजे खेळणार. खेळला.

परत येताना जीपमध्ये माझ्या शेजारी. "नाना, किती झाले?" बारा-बारा, बरोबरी. जिंतूरला चहा घेतला. "नाना, किती झाले?" बारा-बारा. औंढा आले. "नाना, आपले किती झाले?" कर्णधाराला निकाल मान्य नसावा. गाव बदलले की स्कोअर बदलेल अशी आशा.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

गुणतक्त्यात आम्ही शेवटून दुसरे, तेही केसभर. माणिकरावांनी आज सगळ्यांना ऐकवले — "शेवटचा नंबर लागला तर संघ विकून टाकीन. घेणारे बसलेत." म्हणजे रविवारी हरलो की बारा जणांचा पगार बंद. दिपकने चहात मीठ घातले आणि पिऊनही टाकला. सेवा भिंतीला टेकून उभा होता, नखे बघत.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आज छापखान्यात मशीनचा रूळ पुसायला रद्दी कागद घेतला. लीगचे नियमपत्रक. मीच छापलेले, डिसेंबरात, पाचशे प्रती. छापणारा वाचत नसतो. आज हात काळा करता करता वाचले.

'डोक्याला मार लागल्यास: तोच तो प्रश्न विचारणे. उजेड सहन न होणे. गोंधळ. लक्षण दिसल्यास तत्काळ बाहेर काढणे व किमान बारा दिवस खेळास मनाई. दुसरा आघात जिवावर बेतू शकतो.'

खाली माझ्याच छापखान्याचे नाव.

बारा-बारा, बारा-बारा, बारा-बारा. आणि मी हसत होतो! वहीत विनोद लिहीत होतो! काल सरावाला दिपक डोळ्यांवर आडवा हात धरून होता, त्यावरही मी काहीतरी चुरचुरीत बोललो होतो. आता आठवतसुद्धा नाही. मला तर डोक्याला मार लागलेला नाही.

२८ फेब्रुवारी, शनिवार

कागद घेऊन गेलो. शिवशंकरने वाचला, परत दिला.

"हळद कुठं लागली त्याला?"

"अरे, डोक्याच्या आतली सूज बाहेरून दिसते का?"

"आठ कोरे हायेत नाना. दिपक काढला तर सात. बाजूला कोणी न्हाई. एक पडला तर सहावर खेळायचं?"

माणिकराव म्हणाले, "त्याला तकलीफ असती तर बोलला असता. पोरगं खेळतो म्हणून राहिलं, तुमी का मोडता घालता?" दिपकला विचारले. "मी खेळणार नाना," म्हणाला. पाच मिनिटांनी पुन्हा म्हणाला. पहिल्यांदा म्हणाल्याचे त्याच्या गावीही नव्हते.

सही करू नये? दुसरा कोणी करील. इथे सह्यांचा दुष्काळ नाही.

१ मार्च, रविवार

शेवटचा सामना. हिंगोलीतच. मांडव, भोंगा, माणिकरावांचे पाहुणे — वसमतपासूनचे हळदीचे व्यापारी, पांढऱ्या कपड्यांत, पहिल्या रांगेत.

दिपक बूट घालीत होता. उजवा बूट, डावा पाय.

मी हरिचंदच्या हातातली वाटी घेतली. गेलो आणि दिपकच्या कपाळावर, या कानापासून त्या कानापर्यंत, चार बोटांनी लेप थापला.

"नाना! काहून लावून राहिले?"

"गप बस."

शिवशंकर धावत आला. "ह्याला काय झालं?"

"पिवळा झाला. पिवळा तो बसणार. नियम तुमचाच."

मग माणिकराव आले, लाल होऊन. मी मोठ्यानेच विचारले, "काय माणिकराव, हळदीवर भरवसा न्हाई का तुमचा? आपल्याच गोदामातली आहे." पहिल्या रांगेतले सगळे पांढरे कपडे आमच्याकडे वळले. माणिकराव पाहुण्यांकडे बघून हसले. मग म्हणाले, "बसवा त्याला." आयुष्यभर जिभेने भांडणे लावली, आज पहिल्यांदा ती कुणाच्या कामी आली.

"मंग सातवा कोण?" शिवशंकर ओरडला.

"मी हाय की."

सेवा. उभाच होता, नेहमीसारखा.

"जमेल का रे?" मी विचारले.

"व्हय नाना. बराबर."

फॉर्मवर सही केली. मोसमभरातली सगळ्यात निर्धास्त सही. हळद न लागलेला गडी!

सामना काय लिहू? एकोणीस-सतरा, आम्ही पुढे. शेवटचे मिनिट. त्यांचा तो चपळ गडी कोपऱ्याकडे सुटला, पुढे मोकळे रान. आडवा येणारा एकच — सेवा, आपला लाकडी घोडा ढकलीत. गाठणे शक्यच नव्हते. त्याने अंग फेकले. दोन्ही हातांनी त्याचे पाय कवटाळले आणि रेषेच्या हातभर अलीकडे दोघेही मातीत.

शिट्टी. जिंकलो! संघ राहिला!

तो गडी उठला. सेवा झोपूनच राहिला, आकाशाकडे बघत, हसत. "दोन दिवसांत उबा राहतो," म्हणाला. त्याला जीपमध्ये घातले. घरी जायचे म्हणाला, दवाखाना नको.

२ मार्च, सोमवार

दिपकला मोठ्या दवाखान्यात नेले. फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, "खेळवला नाहीत, शहाणपणा केलात." तीन आठवडे विश्रांती, मग चालेल. दिवसभर छाती काढून हिंडलो. रस्त्यावरच्या कुत्र्यांनाही सांगितले असते.

६ मार्च, शुक्रवार

सेवाच्या तांड्यावर जाऊन आलो. बाजेवर होता. उजवा गुडघा उखळाएवढा, पहिल्यांदाच पिवळा. त्याची आई, पारुबाई, लेप बदलीत होती.

"रविवारी लागलं ना मावशी?" मी विचारले.

"रविवारी कशाचं! दिवाळीपासून वळत न्हाई त्याचा हा पाय. बसता येत न्हाई, म्हून तर उबा राहते. कोणाला सांगू नको म्हणे, काढून टाकतीन."

सेवा भिंतीकडे बघत होता.

जीपमधून खुर्ची काढून आणली. तीच, लाल, पाठीला चिरलेली. धरून त्याला बसवले, पाय बाजेवर लांब ठेवला.

"अन् तुमी, नाना?" तो म्हणाला. "दुसरी खुर्ची न्हाई घरात."

"मी उभाच बरा," म्हणालो. आणि निघेपर्यंत उभा राहिलो.