बिकानेरची धूळ

नोएडा, सेक्टर ३४
२८ मे १९९६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

परवा दुपारी तुझ्या बिकानेरचे पाहुणे आले. पत्र नाही, फोन नाही. आभाळ पिवळं झालं आणि पाच मिनिटांत नव्या फ्लॅटच्या फटीफटीतून धूळ आत. बिल्डर म्हणाला होता, खिडक्या एकदम फिट आहेत! तुझ्या भावजयीने, केतकीने, गच्चीत घातलेल्या कुरडया आता दाताखाली करकरतात.

धूळ तुझ्या गावाकडून येते असं इशिताला सांगितलं, तर पोरीने फ्रिजवरच्या धुळीत बोटाने 'आत्या' लिहिलं. केतकीने सगळं घर पुसलं, तेवढं राहू दिलं. मग इशिताने विचारलं, की धूळ आली तर आत्या का नाही आली. वास्तुशांतीला तू आली नाहीस, त्याला चार महिने झाले. रागावलीस का?

तुझ्या धुळीइतका तरी तुझा लोभ या घरात येऊ दे.
तुझा,
सुधन्वा

बिकानेर
४ जून १९९६

चि. सुधन्वास अनेक आशीर्वाद.

सगळी धूळ माझ्या माथी मारू नकोस. हे हवामान खात्यात आहेत, ते सांगतात की त्यातली थोडी पार अरबस्तानातून समुद्र ओलांडून येते. तिकडेही तक्रार कर. जाड वाळू म्हणे इथल्या इथेच पडते. बारीक धूळ उंच चढली की दिवसच्या दिवस तरंगत शेकडो मैल जाते. मी जाड वाळूतली. न बोलावता उडून येणं मला जमत नाही.

हो, रागावले आहे. सख्ख्या बहिणीला छापील पत्रिका, तीही कुरिअरने! पाकिटावर नाव टाइप केलेलं, आत अक्षता नाहीत, हाताने लिहिलेली एक ओळ नाही. आई असती तर तुझा कान पिळला असता.

लोभ आहे, पण सध्या रुसून बसला आहे.
भानुमती

बिकानेर
१७ जून १९९६

चि. सौ. केतकीस अनेक आशीर्वाद.

काल सकाळी तुझा नवरा दारात उभा. गाडीत खिडकीशी बसून आला म्हणे. केस, भुवया, सगळं पिवळं. ह्यांनी ओळखलंच नाही. आत पाऊल टाकण्याआधी त्याने खिशातून पुडी काढली, माझ्या हातावर अक्षता ठेवल्या आणि म्हणाला, की ताई, घरी ये. पुढचं शिंकांनी बोलू दिलं नाही. अक्षतांतही धूळ होती. मला रडू आवरलं नाही, खरं सांगते.

शनिवारी निघते. लोभ बरोबर घेऊनच येते.
तुझी,
भानुमतीवन्सं

ता. क. फ्रिजवरचं 'आत्या' पुसू नकोस. ते मी येऊन माझ्या हाताने पुसेन.