धीरगंभीर दुपार, दोन ते तीन

३ नोव्हेंबर, सोमवार
शेवटी कॉलेज रेडिओवर स्लॉट मिळाला! दुपारी दोन ते तीन. मागितला होता सकाळी आठचा, पण तो हर्षा स्वतःकडे ठेवते. स्टेशनची हेड ना ती! म्हणाली, आधी ऐकणाऱ्यांचे फोन येऊ दे, मंग सकाळचा स्लॉट तुले. डन. महिनाअखेर आठ वाजता मीच. ती काय करते? कापसाचे भाव, कोणती बस लेट, कोणाची बकरी हरवली. तेही अस्सल वऱ्हाडीत. फोन मात्र थांबत नाहीत. लोकांना बहुधा कळत नसावं, म्हणून परत विचारतात.
संकल्प: पहाटे पाचला उठून ओंकार. थंड पिणं बंद. माइकवर फक्त शुद्ध मराठी.

४ नोव्हेंबर
पाचला उठलो नाही. झोपसुद्धा आवाजाला चांगली असते.
पहिला शो, ‘धीरगंभीर दुपार’. ‘रसिकहो’ म्हणालो ते थेट बेंबीच्या देठापासून. विषय: एकांत. दोनच्या ठोक्याला पंखा आपोआप बंद! माइकमध्ये आवाज येऊ नये म्हणून हर्षानेच सांगितलं असणार. किती काळजी! मशीन सांभाळणारा अंकुश तर दोनला उठून निघूनच गेला. माझ्यावर विश्वास असणार.
फोन: नाही. श्रोते अवाक झाले असावेत.

५ नोव्हेंबर
सेलूला घरी. बाबा म्हणाले, दुकानात गिऱ्हाइकांसमोर मोठ्या हौसेनं मोबाइलवर रेडिओ लावला तं नुसती खरखर. त्यांना नवीन मोबाइल घ्यायला सांगितलं. आई म्हणाली, मी तं रोज आयकून राह्यली बापा, लय गोड बोलतं तू. ‘रोज’ म्हणजे दोनच दिवस झालेत, पण भावना महत्त्वाची.

१० नोव्हेंबर
फोन नाही. वर्गातल्या समीक्षाला विचारलं, शो कसा वाटला? म्हणाली, कोणता? जळतात लोक.
पण तक्रारसुद्धा एक नाही! हर्षाला आज सकाळी बसची वेळ चुकली म्हणून तीन जणांनी झापलं. क्वालिटी कोणाची, ते सिद्धच झालं. तिला तसं सांगितलं. तिने ओठ चावले आणि खिडकीबाहेर बघत बसली. भावुक झाली बिचारी.

१४ नोव्हेंबर
स्टुडिओचा फोन बिघडलाय का, हे बघायला माझ्याच मोबाइलवरून लावला. वाजला. मीच उचलला.
आजचे फोन: एक.
विषय ‘आई’ घेतला होता. बोलता बोलता मलाच गहिवरून आलं. संध्याकाळी घरी विचारलं. आई म्हणाली, रडूच आलं मले. कुठे? म्हणाली, सगळीकडंच.

१९ नोव्हेंबर
घात! शो चालू असताना मोठं गाणं लावलं आणि पाय मोकळे करायला गच्चीवर गेलो. ट्रान्समीटरची खोली अंधारी, मशीन गार. शेजारी अंकुश संत्रं सोलत बसलेला. म्हणतो, दोन ते तीन लाईन नसते ना भाऊ, रोजचंच आहे. स्टुडिओतला माइक इन्व्हर्टरवर आहे, पंखा न् मशीन नाई. तुले मालूम नोतं का?
म्हणजे इतके दिवस मी भिंतीशी बोलत होतो! हर्षाला जाब विचारला. म्हणाली, तू एवढा खुश होता, सांगाची हिंमतच नाई झाली. खूप राग आला. डोळ्यांत पाणीसुद्धा आलं, पण ते रागाचं.
नंतर लक्षात आलं, म्हणजे मला अजून कोणी नाकारलेलंच नाही! ऐकलंच नाही तर नाकारणार कसे?
मग आई काय ऐकत होती? सध्या यावर विचार करायला वेळ नाही.

२२ नोव्हेंबर
प्राचार्यांच्या मागे लागून ट्रान्समीटर इन्व्हर्टरवर घेतला. वायर मी स्वतः धरली. घरी एवढंच सांगितलं, सोमवारी नक्की ऐक. आई म्हणाली, आता मी कोनता दिवस सोडला?

२४ नोव्हेंबर, सोमवार, दुपारी ३
फोन!!! वीस मिनिटांत सुरू झाले ते थांबेचनात. मी माइकवर, हर्षा फोनवर. शो संपल्यावर विचारलं, काय म्हणतात लोक? आधी सांगेना. एकाने विचारलं, कॉलेजात कोणी वारलं का? कापूस वेचणीच्या बाया म्हणाल्या, सकाळच्या त्या पोरीले बसवा न माइकवर. पिपरी मेघेचे एक काका म्हणाले, खरखर बरी होती, झोप तरी लागे.
ठीक आहे. अट फोन येण्याची होती, कसले ते ठरलं नव्हतं. आठचा स्लॉट मागणार, तेवढ्यात हर्षाने रिसीव्हर माझ्याकडे दिला. आईचा फोन.

३.१५
आई म्हणाली, आज तुया कार्यक्रम लागला नाई काऊन रे? कोनी दुसराच मानूस तासभर कन्हून राह्यलता. तुयी तब्येत तं बरी आहे ना?
म्हटलं, हो, घसा बसला होता. सुट्टी घेतली.
म्हणाली, मले वाटलंच. हळद-दूध घेजो. तुया आवाज मी हजारात ओळखतो.
स्लॉटचं विचारायचं राहूनच गेलं.