आधी कुठे राबलास?

१२ फेब्रुवारी, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? मी बरी आहे, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिते.

फ्रेंचच्या क्लासला जाते हे तुला सांगितलं होतंच. या वयात ही कसली थेरं, असं तू म्हणालीस. खरं सांगू? मला इथून कुठेतरी लांब निघून जायचं होतं. का, ते पुढे येईल.

गेल्या आठवड्यात बाईंनी पुस्तक मिटलं. "असं पुस्तकी तिकडे कोणी बोलत नाही," म्हणाल्या. जोड्या लावल्या आणि एकमेकांना पूर्वीच्या नोकरीबद्दल विचारायला सांगितलं, तेही 'तू' म्हणून. 'ता बॉसे ऊ, आव्हाँ?' म्हणजे, आधी कुठे राबलास? आपल्याकडे राबत नाही तो बॉस, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळा वर्ग हसला.

माझ्या वाट्याला मफलरकाका आले. नातीशी बोलता यावं म्हणून शिकणारे, पाठीला पोक आलेले गृहस्थ. वडिलांच्या वयाच्या माणसाला अरेतुरे करताना जीभ अडखळली, पण विचारलं.

"जे बॉसे आ ला पोर्त," ते म्हणाले. दारावर होतो. कुठल्या? रंगाच्या कारखान्यात. किती वर्षं? आग लागेपर्यंत.

भाऊजींचाच कारखाना, ताई. मग ते म्हणाले, "जाव्हे ला क्ले." किल्ली माझ्याकडे होती. मागच्या दाराची. 'पळालो' हा शब्द त्यांना येत नव्हता, तो त्यांनी बाईंना विचारून घेतला. किती मन लावून शिकतात, म्हणून बाईंनी कौतुक केलं.

अकरा वर्षं लोक म्हणत आले, की तुझ्या नवऱ्याने दार बंद ठेवून चार माणसं मारली आणि वर स्वतःही गेला. भाऊजी मुकादम, रजिस्टरमध्ये किल्ली त्यांच्या नावावर. मुलीला आणायला तू शाळेपाशी उभी राहिलीस की बायका बाजूला सरकायच्या. मी पाहिलंय.

मग काकांनी मला विचारलं, "ए त्वा?" आणि तू? मी म्हणाले, मी कधीच नोकरी केली नाही. मग आपल्या भाषेत, हळूच म्हणाले, "हजेरीच्या खिडकीत बसायचीस तू, बाळ. रोज तुझ्यासमोर सही करायचो मी. तेव्हा दाढी होती मला."

ताई, मी तिथे कारकून होते एवढंच तुला माहीत आहे. ते रजिस्टर आगीच्या दुसऱ्या दिवशी नव्याने लिहिलं गेलं. कारखान्याचे साहेब शेजारी उभे राहून सांगत होते. अक्षर माझं आहे. किल्लीपुढे काकांच्या जागी भाऊजींचं नाव मी लिहिलं, तेव्हा ते दवाखान्यात होते, श्वास चालू होता. साहेब म्हणाले, "तो काही वाचत नाही. तुला मात्र जगायचंय."

मी जगले.

क्लासनंतर दोनदा भेटून काकांनी आणि मी ठरवलं, सोमवारी चौकशी कचेरीत जाऊन दोघांनी खरं सांगायचं. निघताना ते म्हणाले, "साहेबांना कुणकुण लागलीय. त्यांचा ड्रायव्हर घरी येऊन गेला. हल्ली कोणाशी बोलता, विचारत होता."

सोमवारी मी कचेरीच्या पायरीवर दोन तास उभी होते. ते आले नाहीत. त्यांच्या खोलीला कुलूप. घरमालकीण म्हणाली, "गाडी आली होती न्यायला. इतकी घाई, की चष्मासुद्धा इथेच राहिला." आज गुरुवार. ते परतलेले नाहीत.

सकाळी तोच ड्रायव्हर माझ्या दारात आला. चपला बाहेर काढून, अगदी अदबीने म्हणाला, "साहेबांनी आठवण काढलीय, बाई. पाच वाजता न्यायला येतो."

आता दोन वाजलेत. मी तीनला एकटीच कचेरीत जाते आहे. हे पाकीट वाटेत पेटीत टाकीन. सोबत माझा जबाब आहे, सही करून. कोणी मागायला आलं तर असं काही आलंच नाही म्हण, आणि दार साखळी लावूनच उघड.

भाऊजींनी ते दार लावलं नव्हतं. आधी मुलीला सांग, मग बाकीच्यांना.

माफी मागत नाही. तेवढं तोंड मला उरलेलं नाही.

तू म्हणू देशील तर,
तुझी बहीण