बाहीचा कागद

मंगळवार, १४ जुलै
दुपारी

प्रिय धाकट्या,

तब्येतीला जप, वेळेवर जेवत जा, उन्हात टोपी घाल. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर शेवटी राहून जायचं. मी ठीक आहे. शिलाई मशीनचा पट्टा तुटला होता, तो नवा घातला. शाळांच्या गणवेशांची घाई आहे आणि पुढच्या खोलीत चालायलाही जागा नाही. तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून पाकिटावर तुमच्या मैदानाचाच घालते. सहा वर्षांनी माझं अक्षर बघून दचकू नकोस, आणि उभ्या उभ्या वाचू नकोस.

बातमी अशी की आपल्या क्लबला नवा कोच मिळाला. तुला ठाऊक असेलच, नदीपलीकडच्या क्लबचे तुम्ही लोक आमच्या बातम्या आमच्याआधी वाचता. शाळामास्तर आला. हो, तोच, जाड चष्म्याचा, ज्याने ओल्या मैदानावर पोरांना पळवून बाबांच्या गवताचा चिखल केला होता. बाबा मैदानाचे माळी होते तोवर त्याचं नाव काढलं तरी ताटावरून उठायचे. 'त्या माणसाला गवताला जीव असतो हेच माहीत नाही,' म्हणायचे.

तर कोच ठरला, म्हणून हे पत्र.

मे महिन्यात जुना कोच क्लब सोडून गेला आणि मैदानातल्या आपल्या बाकावरच्या मंडळींना ऊत आला. ड्रायव्हरकाका, दातांचे डॉक्टर, बेकरीवाली मावशी, सगळे तेच आहेत, फक्त डॉक्टरांचे स्वतःचे दात आता नकली आहेत. पण या वेळी बाकाला घरी यावं लागलं, कारण बाबांना जिना उतरवत नव्हता. छातीत पाणी होत होतं. खिडकीजवळ त्यांची खाट लावली होती, तिच्याभोवती हे तिघे खुर्च्या ओढून बसायचे आणि रोज संध्याकाळी नवा कोच नेमायचे.

गोळ्यांचा पत्र्याचा डबाही आला. त्याचे नियम तुला पाठ आहेत, तरी लिहिते, कारण पुढे त्यांचंच काम आहे. प्रत्येकाने चिठ्ठीवर कोचचं नाव आणि आपली सही करून डब्यात टाकायची. कोच जाहीर होईपर्यंत मत बदललं तर दुसरी टाकायची, शेवटची धरायची. ज्याचं बरोबर येईल त्याला पहिल्या सामन्याला खांबालगतची कोपऱ्यातली जागा, जिथे वारा लागत नाही. बाबांनी पहिल्याच दिवशी जुन्या गोलकीपरचं नाव लिहिलं आणि सगळ्यांना वाचून दाखवलं. गुपित ठेवणं त्यांना कधी जमलं नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

जूनच्या सुरुवातीला एकदा मंडळी उठून गेल्यावर बाबा म्हणाले, "एवढा कोच ठरू दे, मग मी मोकळा." मी सुईत दोरा ओवत होते, तो ओवताच येईना. मग भिंतीकडे बघत म्हणाले, "ठरला की त्याला पत्र टाक."

"कुणाला?" मी मुद्दाम विचारलं. सहा वर्षं त्यांनी तुझा विषय काढला नव्हता. 'तिकडचं गवत कापणार असशील तर या दारात बूट काढू नकोस,' हे तुला ऐकवल्यापासून नाहीच.

"माळ्याला," ते म्हणाले.

"काय लिहू?"

"लिही, नवा कोच आला. बाकी तो समजेल."

तुला मी ओळखते. कोचचं निमित्त आहे आणि बोलावणं बाबांचं आहे हे कळायला तुला दुसरी ओळ लागली नसती.

एक बाई शर्टाची मापं द्यायला आली होती म्हणून थांबले. आता पुढे.

कोच ठरला तो एकोणीस जूनला. हो, एकोणीस. तारीख बघून हिशेब करू नकोस, मीच सांगते.

सकाळचा पेपर मी आधी उघडला. शेवटच्या पानावर शाळामास्तरचा हा एवढा फोटो, गळ्यात क्लबचा पंचा. आणि माझ्या डोक्यात एकच वाक्य, 'मग मी मोकळा.' बाबांचं जेवण तेव्हा चार घासांवर आलं होतं. त्यांना धरून ठेवणारी एवढी एकच उत्सुकता उरली होती, आणि ती मी माझ्या हाताने संपवायची? मी कात्री घेतली आणि त्या पानाची बाही कापली. खरंच कापली. गणवेशाचा कागदी नमुना हवाच होता. टाचण्या लावल्या, वापरला आणि बाकीच्या नमुन्यांबरोबर खिळ्याला अडकवून दिला. रेडिओचे सेल काढले आणि संपले म्हणून सांगितलं.

संध्याकाळी तिघांना जिन्यातच गाठलं आणि बाबांना कळू देऊ नका म्हणून विनवलं. मावशीने पदर तोंडाला लावला. डॉक्टर म्हणाले, "मला खोटं बोलता येत नाही." ड्रायव्हरकाका म्हणाले, "तुम्ही गप्प बसा, दोघांचं मी बोलतो." आणि बोलले! कुठल्याशा बेटावरचा एक कोच त्यांनी पैदा केला, जो खेळाडूंशी फक्त शिट्टीने बोलतो आणि हरल्यावर आठवडाभर केस विंचरत नाही. बाबा खोकेपर्यंत हसले. ठरलेल्या कोचचे आम्ही रोज नव्याने तर्क करत होतो, आणि मी पलीकडच्या खोलीत मशीन जोरात चालवत होते, म्हणजे माझं रडणं कुणाला ऐकू जाऊ नये.

त्या दिवसांत बाबांना एक नवीच खोड लागली होती. मध्येच गंभीर चेहरा करून डॉक्टरांना विचारायचे, "डॉक्टर, तुम्हाला काय वाटतं, शाळामास्तर येईल का हो?" डॉक्टर छताकडे बघायचे. बाबा त्यांच्याकडे बघत राहायचे.

चोवीस तारखेला मी गणवेश पोचवून आले तर म्हणाले, "डबा दे, चिठ्ठी बदलायची आहे." घडी घातलेली चिठ्ठी त्यांच्या मुठीत तयार होती. मला इतका आनंद झाला! चिठ्ठी बदलतात म्हणजे अजून उमेद आहे, असं मी मावशीला सांगितलंसुद्धा.

आता लिहायलाच हवं. बाबा गेले, धाकट्या. चार जुलैला, सकाळी सव्वासातला. त्रास फार झाला नाही. खिडकी उघडायला सांगितली, मैदानावर कुणीतरी गवत कापत होतं, म्हणाले, "पातं बोथट झालंय त्याचं." चहा घेऊन आले तोवर संपलं होतं.

तुमच्या मैदानाच्या ऑफिसात मी फोन केला होता. फोन उचलणारा म्हणाला, माळी रजेवर आहेत, निरोप द्या. मी म्हटलं, बहिणीचा फोन होता म्हणून सांगा. पुढचं त्या परक्या माणसाला सांगवलं नाही. त्याने तुला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. सांगितलं असूनही तू फोन केला नसशील, तर तेही मला आत्ता कळवू नकोस.

परवा तिघे आले आणि डबा उघडला. बाबांची जुन्या गोलकीपरची चिठ्ठी तळाशी होती. वर त्यांची दुसरी. वर्तमानपत्राची कड फाडून केलेली, तिच्यात टाचण्यांची ओळीने भोकं. मी उठून खिळ्यावरची बाही काढली. तिचा कोपरा फाटलेला होता. तुकडा त्याला लावला, नीट बसला. समासाच्या कोऱ्या पट्टीवर बाबांच्या शिसपेन्सिलीत 'शाळामास्तर', आणि खाली सही.

मी बाहेर गेले असताना ते भिंत धरधरून पुढच्या खोलीत आले होते. एकट्याने. त्यांना सगळं माहीत होतं. त्यानंतर दहा दिवस ते आमचे तर्क ऐकत होते, बेटावरच्या कोचला हसत होते, बिचाऱ्या डॉक्टरांची गंमत करत होते.

ड्रायव्हरकाका म्हणाले, "ही चिठ्ठी बाद. निकाल लागल्यावर टाकली. शुद्ध लबाडी आहे." आणि एवढं बोलून तो धिप्पाड माणूस माझ्या कापडाच्या गठ्ठ्यावर बसून हमसून रडला.

तेव्हापासून मी एकच विचार करते आहे. त्यांना माहीत होतं, तर 'आता त्याला पत्र टाक' का म्हणाले नाहीत? माझं नाटक मोडायला नको म्हणून? की त्यांनाही भीती वाटली? कोच ठरला म्हटलं की पत्र जाणार, आणि पत्र गेलं की तू येशील किंवा येणार नाहीस. ठरला नाही तोवर तू येण्यासारखा होतास. मला वाटतं, हेच असावं. मी त्यांच्या जाण्याला घाबरले आणि ते तुझ्या न येण्याला, आणि दोघं एकाच घरात एकमेकांना कोचच्या थापा मारत राहिलो.

पण त्यांचं जाऊ दे, माझं सांगते. एकोणीस तारखेला मी त्यांना न सांगताही तुला पत्र टाकू शकले असते. मनात आलं होतं. टाकलं नाही. सहा वर्षं त्यांचं सगळं मी एकटीने केलं होतं, आणि तू शेवटी येऊन पाय धरणार, ते तुझ्या डोक्यावरून हात फिरवणार, आणि मी चहा करणार, असं वाटून मला राग आला होता. उद्या टाकू, परवा टाकू, असं करत राहिले. तुझा बापाशी शेवटचा शब्द झाला नाही तो माझ्यामुळे. तू मला काय वाटेल ते बोल, मी ऐकेन. पण समोर येऊन बोल.

चिठ्ठी बाद करायची नाही असं तिघांनी ठरवलं आहे. कोपऱ्यातली जागा बाबांनी जिंकली, पहिला सामना आठ ऑगस्टला आहे, आणि त्या जागेवर त्यांच्यापैकी कुणीही बसणार नाही. दाराशी बूट काढायला जागा मी करून ठेवते, गणवेश उचलून.

त्यांनी सांगितलेलं तेवढं राहिलं. नवा कोच आला. बाकी तू समजशील.

पंचवीस दिवस उशिरा,
तुझी ताई