घुमी

मखमलाबाद, नाशिक
१४ सप्टेंबर २०२५

ती. नवसाअक्कास,
मालनचा शि. सा. न. वि. वि.

फोन सोडून पत्र लिहितेय म्हणून हसू नकोस. तुला कमी ऐकू येतं, तुझी सून फोन स्पीकरवर लावते आणि आमच्या घरातली गोष्ट इगतपुरीभर होते.

जीवनच्या लग्नाला चार महिने झाले. शुभांगी कामाला वाघ आहे, झेंडूच्या वावरात माझ्याआधी हजर. आली तेव्हा चांगली बोलायची, पण नागपंचमीपासून पार घुमी झालीय. जीवन कंपनीतून आला की साहेबांच्या नकला करून आम्हाला हसवतो, आणि ही मान खाली घालून भाकरी थापते. मी आत गेले की फोन ठेवून देते. त्याचा डबा भरताना डोळे पुसते, तेही मी पाहिलंय. मला तर वाटतं, हिचं मन दुसरीकडे आहे आणि माहेरच्यांनी ते लपवून लग्न लावलं. दसरा झाला की तिच्या वडिलांना, रंगनाथरावांना, बोलावून घेते. घेऊन जा म्हणावं तुमच्या मुलीला. माझं पोर साधं आहे ग, त्याचा संसार नासायला नको.

माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी मालन


इगतपुरी
२२ सप्टेंबर २०२५

चि. मालनला अनेक आशीर्वाद.

चष्मा सापडेना, म्हणून तुझं पत्र शेवटी सुनेनंच वाचून दाखवलं. झाकलेलं किती राहिलं ते तूच समज.

घुमी हा शब्द जरा जपून वापर. आपले नाना अबोल होते, त्यांना बोलायची हौसच नव्हती. धाकटा भाऊ त्रासानं रंजीस आला होता तरी मुखदुर्बळच राहिला, ओठापर्यंत आलेलं गिळायचा. घुमं माणूस वेगळं. त्याच्या पोटात काहीतरी असतं आणि ते धरून बसतं. शुभांगी आधी बोलत होती म्हणतेस, तर नागपंचमीला काहीतरी घडलंय खरं. पण ते तिच्या माहेरी घडलं, हे तुला कोणी सांगितलं? तू तिला सरळ विचारलंस, की नुसतीच पाळत ठेवून बसलीस? लहानपणी माझी पेटी उघडून बघायचीस, तीच खोड अजून आहे. विचारल्याशिवाय कुणाला बोलावू नकोस.

जिवाला जप, आणि त्या पोरीलाही.
तुझी अक्का


मखमलाबाद
४ ऑक्टोबर २०२५

ती. अक्कास सा. न.

विचारलं होतं ग. मला विचारू नका आई, एवढंच म्हणाली आणि हार ओवायला बसली. माझा संशय आणखी वाढला. मी रंगनाथरावांना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी या म्हणून कळवलं.

खंडेनवमीला सातपूरच्या कंपनीत मशीनची पूजा असते, हार दरवर्षी आपल्याच वावरातले जातात. यंदा जीवन हार घरीच विसरून गेला. शुभांगी म्हणाली, राहू द्या. नवऱ्याचं हिला काहीच नाही, असं वाटून माझं डोकं फिरलं. पाटी उचलली, रिक्षा केली आणि थेट गेट गाठलं. वॉचमन ओळखीचा निघाला. म्हणाला, मावशी, कंत्राटी पोरं सगळीच काढली, जीवनला तर नागपंचमीच्या आठवड्यातच घरी बसवलं. मी हार त्याच्या हातात दिले आणि तिथंच फुटपाथवर बसले.

संध्याकाळी जीवन लहान मुलासारखा रडला. रोज डबा घेऊन काम शोधत हिंडायचा आणि घरी येऊन नकला करायचा. आईला सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील, अशी बायकोला शपथ घातलेली. तिचे ते चोरटे फोनही त्यालाच, काम मिळालं का विचारायला.

काल रंगनाथराव आले. त्यांच्यासमोरच मी शुभांगीला विचारलं, अगं, तुला माहेरी धाडायला निघाले होते, तेव्हा तरी बोलायचं. ती म्हणाली, ह्यांच्या शपथेमुळे खरं सांगता येत नव्हतं आणि तुमच्याशी खोटं बोलायचं नव्हतं.

अक्का, दोन महिने या घरात एकच माणूस माझ्याशी खोटं बोललं नाही, आणि तिचीच बॅग मी माझ्या हातानं भरून दारात ठेवली होती.

रागाव, पण तुटू नकोस.
तुझी मालन